दोन्ही पटांवर नसलेली मुलगी

प्रति,
मा. शिक्षणाधिकारी,
प्रज्ञावंत विद्यार्थी विशेष वर्ग विभाग,
दुसरा मजला.

विषय : विशेष वर्गातून परत पाठविलेल्या व सध्या कोणत्याही पटावर नसलेल्या मुलीचा आज दुपारी तीनच्या आत शोध घेण्याबाबत.

संदर्भ : मागील महिन्यातील पालकांचे निवेदन, एकूण सह्या नऊ. (यावर आपण तिसऱ्या दिवशी कार्यवाही केली होती.)

महोदय,

१. विशेष वर्गाच्या बाईंनी मला एकदा वर्गाच्या दारातच थांबवून सांगितले होते, "अशा मुलांना खाऊची भूक नसते, अवघडाची असते. आपण दिलं नाही तर जो देईल त्याच्यामागे जातात." मी ते हसण्यावारी नेले. बाईंना त्यांच्या लाडकीची वकिली करायची सवयच आहे, असे घरी येऊन यजमानांना सांगितले. आज ते वाक्य मी पहिल्या क्रमांकावर लिहीत आहे. आपल्या कार्यालयातील लिपिकांनी "मुद्देसूद लिहा, साहेबांना गोष्टी चालत नाहीत" अशी सूचना दिली आहे. ती पाळण्याचा प्रयत्न करते.

२. सदर मुलगी दहा वर्षांची असून वर्गात तिला सगळे 'तारीख' म्हणतात. कोणतीही तारीख सांगा, ती वार सांगते. माझ्या मुलीची जन्मतारीख सांगून होते न होते तोच "गुरुवार" म्हणाली होती, आणि तो गुरुवारच होता, कळा मी सोसल्या आहेत. तिला आईवडील नाहीत. आत्या सांभाळते. आत्या कपड्यांच्या कारखान्यात शिलाईला असून सकाळी आठला घर सोडते.

३. विशेष वर्गात बारा मुले. बाई प्रत्येकाला रोज सकाळी वेगळी चिठ्ठी देत, तिच्यावर ज्याचे त्याचे कोडे. तारीखची चिठ्ठी मात्र बाई घरून तयार करून आणत, आणि ती सोडवून झाली की तिच्याशेजारी बसून बराच वेळ बोलत. माझी मुलगी त्या वर्गात कायम दुसरी. आम्ही नऊ जणींनी निवेदन दिले की एकाच विद्यार्थिनीस अवाजवी वेळ दिला जातो. मजकूर माझा आहे, अक्षर माझे आहे, पहिली सहीही माझीच आहे. कारण सगळ्याजणी म्हणाल्या, "तू शिकलेली आहेस, तूच लिही."

४. आपल्या आदेशानुसार तारीखला मूळ वर्गात परत पाठविण्यात आले. हरकत घेणाऱ्या बाईंना महिनाभराच्या प्रशिक्षणाला पाठविण्यात आले. विशेष वर्गाच्या पटावरून नाव त्याच दिवशी कमी झाले. मूळ वर्गाच्या पटावर ते पुन्हा चढवायला आपल्या विभागाचे पत्र लागते, ते अद्याप आलेले नाही. तेथील सरांनी दोन दिवस तिला शेवटच्या बाकावर बसू दिले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "आधी कागद आण, मग बस." पोर कागद कुठून आणणार? ती चौथ्या दिवसापासून गेलीच नाही. यास आज सतरा दिवस झाले.

५. गेल्या गुरुवारी बाळाला लस देऊन परतताना ती मला बसस्थानकात दिसली. गणवेश, पाठीला दप्तर, चौकशी खिडकीजवळच्या बाकावर बसलेली. भोवती पाचसहा माणसे. कोणी तारीख विचारी, ती वार सांगे, लोक हसत. एक गृहस्थ मात्र हसत नव्हते. राखाडी स्वेटर, काखेत फाइल, एखादे शिक्षकच वाटावेत असे. लोक पांगल्यावर ते तिच्याशेजारी बसले आणि फाइलमधून एक कागद काढून तिच्यापुढे धरला. मी विचारले तेव्हा ती म्हणाली, "काकू, हे काका मला अवघड देतात. आता वर्गात कोणीच देत नाही." गृहस्थ अदबीने उठून उभे राहिले. त्यांना पाहून मला बरे वाटले होते, हे येथे नमूद करणे भाग आहे. बाळ रडू लागले म्हणून मी पुढची बस धरली.

६. तारीख माझ्या मुलीला शाळा सुटल्यावर वाटेत भेटते. रात्री मुलीने सहज सांगितले, "ते काका तिला म्हणालेत, घरी याहून अवघड आहे." त्यानंतर मला स्वस्थता नाही. शुक्रवारी मुख्याध्यापिकांना भेटले. त्या म्हणाल्या, "जी पटावरच नाही, तिला मी गैरहजर कशी दाखवू?" काल संध्याकाळी आत्याला गाठले. तिचा विश्वासच बसेना. "अहो, वेळेवर जाते, वेळेवर येते, डबा रिकामा आणते. पोरीच्या जातीचं आणखी काय बघायचं असतं?" नंतर मात्र तिने तारीखला समोर उभे केले. उद्यापासून शाळेतच बसेन, असे तारीखने कबूल केले.

७. आज सकाळी शाळेत खात्री केली, ती आलेली नाही. बसस्थानकात बाक रिकामा. चौकशी खिडकीतले म्हणाले की ती स्वेटरवाल्यांबरोबर गेली, "रोजचेच आहेत ना ते." आत्याचा फोन सुट्टी होईपर्यंत कारखान्याच्या कपाटात असतो; फाटकावर निरोप ठेवला आहे. पोलीस चौकीत सांगण्यात आले की संध्याकाळी घरी आली नाही तर या, नाहीतर मुलगी शाळेची असून गैरहजर आहे असे पत्र आणा. ते पत्र फक्त आपण देऊ शकता. लेखी अर्जाशिवाय आपली भेट नाही, म्हणून बाळाला मांडीवर घेऊन आपल्याच दाराबाहेरच्या बाकावर हे लिहीत आहे.

८. बसस्थानकातल्या त्या बाकाखाली सापडलेला कागद सोबत जोडला आहे. डावीकडे मोठ्या माणसाच्या सुबक अक्षरात तारखा, उजवीकडे तारीखच्या अक्षरात वार. चाळीस ओळी, सगळ्या बरोबर असाव्यात. शेवटची तारीख आजची आहे. तिच्यापुढे वार नाही. त्याच सुबक अक्षरात वेळ लिहिली आहे, दुपारी तीन.

९. माझ्या मागील निवेदनात खोटे काही नव्हते, तरी मी ते मागे घेतले असे आपण समजावे. विभागाची जेवणाची सुट्टी एक वाजता सुरू होते असे कळते. माझी एवढीच विनंती आहे की हा अर्ज आवक नोंदवहीत चढण्याआधी चौकीला पत्र द्यावे आणि आपल्यापैकी कोणीतरी माझ्याबरोबर खाली उतरावे. ती मुलगी कुठे आहे, तेवढे आधी बघावे.

आपल्या दाराबाहेर थांबलेली,

(सही)
मागील निवेदनावरील पहिली सही जिची, ती पालक

दिनांक : आजचा. वेळ : बारा वाजून पन्नास मिनिटे.

सोबत :
१) बसस्थानकात सापडलेला कागद, मूळ प्रत. (झेरॉक्स काढण्यात वेळ घालवलेला नाही.)
२) विशेष वर्गाचा सामूहिक फोटो. पहिल्या रांगेत डावीकडून तिसरी. कॅमेऱ्याकडे न पाहता बाईंकडे पाहत आहे, ती.