आडवी चाळणी

ठमे,

कुणाचा विश्वास बसणार नाही, पण संगणकावरचा तुझा तक्ता आज माझ्या धाकानं सुधारला. वर ओळीनं महिन्याच्या तारखा, खाली 'आईनं बाबांना ओळखलं का?' आणि प्रत्येक तारखेखाली हो किंवा नाही. फिल्टर फक्त ओळी लपवतो, आडव्या तारखा गाळता येत नाहीत, असं तूच म्हणाली होतीस ना? मी नुसते डोळे वटारले, तर 'नाही'चे एकोणीस रकाने माना खाली घालून निघून गेले. उरले ते सगळे 'हो'.

डॉक्टरांना हाच तक्ता दाखव. तारखा बेडकासारख्या उड्या मारतात, तिकडे त्यांचं लक्ष जाऊ देऊ नकोस. मग आईला त्या विसरभोळ्यांच्या संस्थेत ठेवा, असं ते काही म्हणणार नाहीत.

आम्ही दोघं बागेत जातोय, डॉक्टरांकडे तू एकटीच जा. तिचा स्वेटर घेतलाय. तुझं जेवण ओट्यावर झाकून ठेवलंय.

निघताना ही चिठ्ठी तिला मोठ्यानं वाचून दाखवली. पूर्वीसारखीच खुदकन हसली गं. माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, "खोटं बोलताय हो काका तुम्ही!"