बदकाची सहा अंडी

तारनाका, ४ नोव्हेंबर २०२४

ती. सौ. पद्मावतीवहिनींना धाकट्या जावेचा शि. सा. न. वि. वि.

तुमचा फोन मी आता उचलणार नाही, म्हणून हे पत्र. केतकीच्या केळवणाला मी पहाटे उठून बदकाच्या अंड्यांचा केक केला. तुम्ही तीस माणसांदेखत तो हुंगलात आणि तळ्याचा वास येतो म्हणत डबा माझ्याच हातात परत दिलात. तुमच्या माहेरच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. केतकी तुमची लेक खरी, पण वाढली माझ्या अंगाखांद्यावर. तिच्या ताटात माझा एक तुकडा जड झाला का? हे मी विसरणार नाही.

लोभ नसला तरी ओळख ठेवावी.

त्रिवेणी

चिक्कडपल्ली, १२ नोव्हेंबर

चि. सौ. त्रिवेणीस अ. उ. आ.

इतकं मनाला लावून घ्यायचं काय कारण? वास आला, म्हणून मी म्हटलं. माफी मागायची मला सवय नाही.

आता कामाचं. रविवारी केतकीच्या सासरची मंडळी चहाला येताहेत. तिनं तुझ्या केकचं इतकं कौतुक करून ठेवलंय की त्यांना तोच हवा. तू तर रुसलेली, म्हणून कृती तेवढी पाठव, मी करीन. रागावली असलीस तरी स्वयंपाकात तू खोट करणार नाहीस, एवढं मी तुला ओळखते.

थोरलीची माया आहे ती आहेच.

पद्मावती

तारनाका, १४ नोव्हेंबर

ती. सौ. वहिनींना शि. सा. न. वि. वि.

केक तुम्ही स्वतः करणार हे वाचून फार बरं वाटलं. मैदा दोन वाट्या, साखर दीड, लोणी एक, चिमूटभर जायफळ. कोंबडीची सहा अंडी घेता ना, तशी बदकाचीही सहाच. फ्रिजमधली गार नकोत, पांढरं फुगत नाही. विहीणबाईंना पहिला तुकडा तुमच्याच हातानं द्या, सगळ्यांदेखत. काय म्हणाल्या ते जरूर कळवा. मी वाट बघते आहे.

लोभाचं नंतर पाहू.

त्रिवेणी

चिक्कडपल्ली, १८ नोव्हेंबर

चि. सौ. त्रिवेणीस,

कळवते. केक रबरासारखा चिवट झाला. विहीणबाईंनी घास तोंडातून काढून बशीत ठेवला आणि मुलीच्या हाताला चव नाही म्हणाल्या. मुलीच्या, कारण केक केतकीनं केला. तुझं पत्र आलं तशी तिनं मला ओट्यापाशी फिरकू दिलं नाही. काकूचा केक मीच करणार, म्हणाली.

आज अंडीवालीला विचारलं तर ती हसायलाच लागली. आरु कादम्मा, नालुगु चालु, म्हणाली. सहा नव्हे, चार पुरेत, बदकाचं अंडं मोठं असतं. तुला हे ठाऊक नव्हतं असं मला सांगू नकोस. नेम माझ्यावर होता, लागला पोरीला.

केतकी कालपासून धड जेवली नाही. काकूनं लिहिलंय ते बरोबरच असणार, माझंच काही चुकलं, असं म्हणत तुझं पत्र पुन्हापुन्हा वाचते. मी तिला अजून काही बोललेले नाही, बोलणारही नाही. परवा केतकी अंडी घेऊन तुझ्याकडे येते आहे, आपलं कुठे चुकलं ते विचारायला. तूच सांग तिला.

आशीर्वाद तिच्यासाठी राखून ठेवते.

पद्मावती