हवाईसुंदरीची भूमिका

३ मार्च
उस्तादांना काढलं! एकवीस वर्षं टेबलं सांभाळणारा माणूस — आणि गुन्हा काय, तर पुरुष आहे. नव्या मालकाने हॉटेलचं विमान केलंय. गोल खिडक्या, खुर्च्यांना पट्टे. "विमानात हवाईसुंदऱ्याच शोभतात," म्हणे. आम्हा सहाजणींना निळे घट्ट स्कर्ट, गळ्यात रुमाल. उस्ताद जाताना मला एवढंच म्हणाले, "वाटी ठेवताना अंगठा आत बुडवू नकोस, पोरी." रडूच आलं मला.

११ मार्च
उस्तादांनी कामगार कार्यालयात तक्रार केलीय. पुरुष म्हणून कामावरून काढणं कायद्यात बसत नाही. मॅनेजर दिवसभर कातावलेला.

१९ मार्च
मॅनेजरने एकेकीला आत बोलावलं. पुढ्यात टाइप केलेला कागद. ‘आम्ही वेटर नाही. हवाईसुंदरीची भूमिका करणाऱ्या कलाकार आहोत.’ नाटकात बाईच्या कामाला बाईच घेतली तर कायदा आड येत नाही — हे वकिलाचं डोकं. "म्हातारा जिंकला तर विमान बंद. मग बसा घरी!"

पाचजणींच्या सह्या आधीच झाल्या होत्या. मीही केली. कलाकार म्हणे! सकाळपासून सतरा टेबलं पुसली होती.

२ एप्रिल
सुनावणी. साहेबांनी विचारलं, "कागदावर लिहिलंय ते खरं?" मी म्हटलं, "हो." उस्तादांकडे बघितलंच नाही. मनगटाच्या वर भाजल्याचा डाग आहे — एका हातावर तीन गरम प्लेटा घ्यायला शिकले तेव्हाचा. उस्तादांनीच तेव्हा माझा हात नळाखाली धरला होता. आज तो डाग बाही ओढून झाकला.

९ एप्रिल
उस्ताद हरले.

२६ मे
दिवस गेलेत! लग्नाला सहा वर्षं झाल्यावर. नवरा येडाच झालाय. सासूबाईंचं फर्मान — "जड उचलायचं नाही हं!" बरं म्हटलं, आणि दिवसभर ट्रे उचलले.

८ ऑगस्ट
स्कर्टचा हुक लागेना. पिन लावली, तीही सुटली. मॅनेजर पोटाकडे बघत राहिला. "असली हवाईसुंदरी कुठे पाहिलीस का?" उद्यापासून यायचं नाही. बाळंतपणाची रजा मागितली तर हसला मेला! "रजा कामगाराला असते. तू कलाकार. भूमिका संपली."

१२ ऑगस्ट
कामगार कार्यालय. तिथल्या बाईंनी फाइल काढली. सही माझीच. "अहो, तुम्हीच लिहून दिलंय ना, वेटर नाही म्हणून? आता कुठल्या तोंडाने रजा मागता?" मग जरा नरमल्या. म्हणाल्या, "वेटरचंच काम करत होता, असं सांगणारं कुणीतरी आणा."

स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतला. पालथं पडून रडावं म्हटलं, तर पोट आड येतं.

१९ ऑगस्ट
चौघींनी फोन उचललाच नाही. पाचवी कुजबुजली, "माझ्या पोटावर पाय नको आणूस ग." चूक नाही तिची. मी तरी दुसरं काय केलं होतं?

सासूबाई म्हणतात, "तुझ्या त्या उस्तादांना विचार की! तुला किती जीव लावायचे." त्यांना सहीचं ठाऊक नाही. नवऱ्यालाही नाही. कुणाला सांगू?

२४ ऑगस्ट
गेले होते. उस्ताद आता एका हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये असतात, मागच्या बाजूला. जाळीतून दिसले. पाटावर बसून बटाटे सोलत होते. ज्यांच्या हातातला ट्रे कधी हलला नाही, ते उस्ताद! तशीच परत फिरले. मेले तरी चालेल, पण त्यांना तोंड दाखवायचं नाही.

२ सप्टेंबर
उद्या माझ्या रजेच्या तक्रारीची सुनावणी. साक्षीदार नाही. सगळं संपलं.

३ सप्टेंबर
बाकावर उस्ताद बसले होते! सासूबाईच परस्पर जाऊन सांगून आल्या होत्या. सहीबद्दल उस्ताद त्यांच्यापाशी एक अक्षर बोलले नाहीत.

साहेबांनी विचारलं, "या काय काम करायच्या?"

"वेटर आहे, साहेब. मीच शिकवलीय." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाही वर कर, पोरी. आज डाग झाकू नकोस."

म्हणजे एप्रिलमध्ये मी तो झाकला, तेव्हा ते बघत होते.