व्हॅनचे नवे स्प्रिंग

ताइपिंग,
३ ऑगस्ट

प्रिय सू,

सलाम आणि खूप माया. तुझ्या शाळेच्या खोलीचं छप्पर गळत होतं ते दुरुस्त झालं का? नदीला पाणी चढलंय असं रेडिओवर ऐकलं, म्हणून विचारते. इथे सगळे मजेत आहेत. तुझ्या नुरीनचा पुढचा दात पडला. आता ती 'स' म्हणायला गेली की शिट्टी वाजते आणि तिला स्वतःलाच हसू येतं.

व्हॅनचं काम एकदाचं झालं. तू जाण्याआधीच ती खड्ड्यात खडखडायला लागली होती. ब्रेक मारला की म्हशीसारखी मान खाली घालायची. तुझ्या आझलानला तिच्यातून रोज शाळेच्या मुलांची ने-आण करायची, असं चालवून चालत नाही. आझलान म्हणाला, "ताई, भाऊजींची हत्यारं तुमच्याकडे आहेतच, आपण घरीच करू." हमदान वारल्यापासून त्या पेटीला मी हात लावला नव्हता. पण लग्न झाल्यापासून त्यांना नट आवळायचे पाने हातात देत आले, त्यामुळे सगळं आठवत होतं.

शनिवारी माझ्या पोर्चमध्ये गाडी जॅकवर घेतली, खाली लोखंडी घोड्या दिल्या आणि पुढची चाकं काढली. शॉकअप तर गेलेलेच होते, एका बाजूचं तेल पार गळून गेलं होतं. डावी बाजू दुपारच्या जेवणाआधी झाली. उजव्या बाजूला नवा स्प्रिंग बसवताना जरा निसटला आणि पोर्चच्या पत्र्याला भोक पडलं. माझ्या मनगटाला थोडं लागलंय, म्हणून अक्षर वाकडं. काळजीचं काही नाही.

आझलान बरा आहे. दमल्यासारखा वाटतो. तू इथे असताना तो कधी बोलता बोलता असा गप्प व्हायचा का ग? जाऊ दे, सुट्टीत आलीस की बोलू.

हल्ली सकाळ-दुपार मीही त्याच्या शेजारी बसून व्हॅनमधून जाते. घरात बसून गुडघे आखडतात. मुलांनी माझं नाव 'कंडक्टर मावशी' ठेवलंय.

जप स्वतःला.

तुझी
रोहायाताई


ताइपिंग,
१९ ऑगस्ट

सू,

हे पत्र शाळेत उघडलं असशील तर मिटून ठेव. खोलीवर जा, दार लाव आणि मग वाच. सगळे जिवंत आहेत, हातीपायी धड आहेत, हे आधी सांगते, म्हणजे पुढचं तुला नीट वाचता येईल. फोनवर सांगायचं म्हटलं तर तुला सिग्नलसाठी टेकडीवर चढावं लागतं, भोवती माणसं असतात. आणि माझी जीभ फोनवर वळली नसती.

मागच्या पत्रात मी फारसं खोटं लिहिलं नव्हतं. पण खरं तेवढं गाळलं होतं.

स्प्रिंग 'जरा निसटला' नव्हता. तो कसा बसवतात ते आधी सांगते, नाहीतर तुला कळायचं नाही. स्प्रिंग मोकळा असतो तेव्हा शॉकअपवर मावत नाही. समोरासमोर दोन लोखंडी आकडे लावून, त्यांचे नट पान्याने आवळून त्याला दाबत आणायचं. हा नट थोडा, मग तो थोडा. दोन्ही बाजू बरोबरीनं आल्या पाहिजेत. एकच बाजू आवळली तर स्प्रिंग वाकतो, आकडा सुटतो, आणि आत कोंडलेला सगळा जोर बाहेर येतो. हमदानच्या एका मित्राचा जबडा त्यात गेला होता. म्हणून आम्ही बोलत बोलत करत होतो. मी म्हणायची "माझं", तो म्हणायचा "माझं".

उजव्या बाजूचा स्प्रिंग जवळजवळ दाबून झाला होता. मी "माझं" म्हटलं, पाना फिरवला आणि थांबले. त्याचं "माझं" आलंच नाही. पण त्याचा पाना फिरत राहिला. एकदा, परत, परत.

"आझलान, थांब. स्प्रिंग तिरका होतोय."

तो माझ्याकडे बघत होता, पण मी त्याला दिसत नव्हते. तोंडात काही नसताना ओठ चघळल्यासारखे हलत होते. हात मात्र पाना फिरवतच होता. माझ्या बाजूचा आकडा कण्हल्यासारखा वाजला. ओरडायलाही वेळ नव्हता. मी त्याच्या सदऱ्याची कॉलर धरून त्याला स्वतःवर ओढलं आणि आम्ही दोघं फरशीवर आडवे झालो. त्याच क्षणी स्प्रिंग उडाला. त्याचा चेहरा जिथे होता, बरोबर तिथून तो वर गेला आणि पत्रा फाडून बाहेर पडला.

तो उठून बसला आणि म्हणाला, "ताई, कसला आवाज झाला?"

मी बोट वर करून त्याला पत्र्यातलं भोक दाखवलं, सू.

खूप खोदून विचारल्यावर कबूल झाला. आधीही झालं होतं. एकदा न्हाणीघरात, एकदा मशिदीच्या पायऱ्यांवर. थोडा वेळ आपण कुठे होतो ते त्याला आठवत नाही. मी म्हटलं, "आणि तू मुलांना घेऊन गाडी चालवतोस?" तर माझे पाय धरायला लागला. "गाडीत कधीच नाही झालं, ताई. अल्लाची शपथ. शाळेला सुट्टी लागली की डॉक्टरकडे जातो. तोवर सूला सांगू नका. ती बदली सोडून धावत येईल. आणि गाडी गेली तर मी कोण उरतो?"

आणि मी हो म्हटलं. त्या उडालेल्या स्प्रिंगच्या आवाजानंतरसुद्धा मी हो म्हटलं. रडणाऱ्या पुरुषापुढे माझं काही चालत नाही, हे तुला ठाऊक आहे. स्प्रिंग शेवग्याच्या झाडाखाली सापडला. धड होता. दुसऱ्या दिवशी मी शेजारच्या लिम यांना बोलावून तो त्यांच्याबरोबर बसवला. आझलानला हात लावू दिला नाही.

मग मी व्हॅनमध्ये बसायला लागले. माझे गुडघे उत्तम आहेत. मी रस्ता बघतच नव्हते, त्याचे ओठ बघत होते. उजवा हात हॅन्डब्रेकजवळ. पोरं मागून चिडवायची, "कंडक्टर मावशी, तिकीट द्या!" मी हसायची, पण मान मागे वळवायची नाही. सिग्नलला तो नुसता गप्प बसला तरी मी काहीतरी विचारायची. "आज जेवायला काय करू? मासे आणू का?" तो वैतागायचा. "ताई, किती बोलता हो!" ते वैतागणं ऐकलं की जिवात जीव यायचा.

परवा दुपारी शाळा सुटल्यावर तळ्याच्या बाजूने येत होतो. पाऊस नुकताच थांबला होता. नव्या स्प्रिंगांवर गाडी इतकी मऊ चालत होती की दोन-तीन पोरं पेंगली होती. आझलान मला ड्युरियन फळवाल्याची गोष्ट सांगत होता. "मी त्याला म्हटलं, हे कच्चं आहे, तर तो म्हणतो..."

आणि काय म्हणतो ते आलंच नाही.

मी बघितलं. ओठ चघळत होते. पाय अॅक्सिलेटरवर तसाच. पुढे वळण होतं आणि वळणापलीकडे पाणी. मी एका हातानं स्टेअरिंग धरलं आणि हॅन्डब्रेक ओढला. एकदम नाही, सू. हमदान सांगायचे, ओल्या रस्त्यावर एकदम ओढलास तर गाडी गरागरा फिरेल. म्हणून थोडा थोडा, दात खाऊन. त्याचा पाय मी माझ्या पायानं लाथाडून बाजूला केला. चाक कडेच्या दगडावर चढलं, पुढचा भाग आपटून खाली बसला, पुन्हा वर आला आणि गाडी मोठ्या पर्जन्यवृक्षाच्या मुळाशी थांबली. समोर गवताची पट्टी, आणि लगेच तळं.

पोरांना वाटलं गंमतच झाली. टाळ्या वाजवल्या. "परत करा, काका, परत!"

नुरीन हसली नाही. ती जागेवरून उठली, माझ्या कानाशी आली आणि हळू म्हणाली, "मावशी, घाबरू नकोस. अलिफ बा ता, कुराणाच्या वर्गातली सगळी अक्षरं म्हणून झाली की बाबा उठतात. मी नेहमी म्हणते."

नेहमी.

मी विचारलं, "तुला केव्हापासून माहीत आहे, बाळा?"

"आई बोटीत बसून गेली तेव्हापासून. बाबा म्हणाले, आईला सांगायचं नाही, नाहीतर ती तिकडे रडेल." मग शिट्टी वाजवत म्हणाली, "मी कुणालाच सांगितलं नाही. शप्पत."

आम्ही मोठे एकमेकांची समजूत घालत बसलो होतो, आणि हे एवढंसं पोर रोज दोन वेळा त्याच्या मागच्या सीटवर बसून, मनात अक्षरं म्हणत, सगळ्यांना घरी आणत होतं. तेव्हाच ठरवलं, आझलानला दिलेला शब्द आता पाळायचा नाही.

तो भानावर आला. झाड बघितलं, पाणी बघितलं, मग वळून मुलीकडे बघितलं. किल्ली त्यानं स्वतः काढून माझ्या हातात दिली आणि खाली उतरून ओल्या गवतात बसला. मागून आलेल्या दुसऱ्या व्हॅनवाल्याच्या, मुनियांडीच्या गाडीतून मी बाकीच्या पोरांना घरी पाठवलं. प्रत्येक आईला मी स्वतः जाऊन खरं सांगितलं. एकीनं माझ्या तोंडावर दार आपटलं. तिचं बरोबरच होतं.

काल इस्पितळात नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे फिटचंच दुखणं आहे, अंग झटकत नाही म्हणून कुणाला कळत नाही. अजून तपासण्या व्हायच्या आहेत. गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांनी बहुतेकांचं आटोक्यात येतं म्हणाल्या, पण गाडी आता बराच काळ चालवायची नाही, कदाचित मुलांची कधीच नाही. आझलाननं मान हलवली. घरी येऊन भांडी घासत बसला, घासलेलीच परत घासत. मी तुला लिहिणार आहे हे त्याला सांगितलं. म्हणाला, "लिहा. पण मला वाचून दाखवू नका."

माझ्यावर रागव. मी आधीच लिहायला हवं होतं. त्याच्यावरही रागव, तो तुझा हक्क आहे. पण पहिल्या बोटीनं निघ, आणि आल्यावर भांडण लगेच काढू नकोस. आधी नुरीनला मांडीवर घे आणि तिला सांग की तिनं काही चुकीचं केलेलं नाही. आता तिला काहीच लपवायचं नाही, असंही सांग. मी सांगून बघितलं, पण तिचा विश्वास बसत नाही. तिला ते आईच्या तोंडून ऐकायचं आहे.

काल झोपतानाही ती अक्षरं पुटपुटत होती. बाप शेजारी जागाच होता.

तुझी वाट बघणारी,
तुझी ताई