तुझं ते 'बघतो'

प्रिय धाकट्या,

खुशाली विचारू नकोस, इथे काहीही खुशाल नाही. बाबा दवाखान्यात आहेत, खुब्याचं हाड मोडलंय. फोनवर सांगितलं असतं, पण तू 'बरं बरं, बघतो' म्हणतोस आणि मी मुकाट फोन ठेवते. म्हणून लिहितेय.

नाल्यावरच्या पुलाचा कठडा ढासळला तो तसाच आहे. शाळेची पोरं तिथूनच जातात. जन्मभर बस चालवलेला तुझा बाप रोज सकाळी तिथे दोरी घेऊन उभा राहायचा. एक टोक खांबाला बांधलेलं, दुसरं यांच्या हातात, आणि पोरं दोरी धरून पलीकडे. गल्लीला काय कौतुक! यांनी कठड्यासाठी सभा घेतली तर सगळ्यांनी माना डोलावल्या, 'व्हायलाच पाहिजे' म्हणाले, चहा प्यायले आणि घरी गेले. औषधवाला दोरी धरायला येतो म्हणाला, त्याच्याकडे रोज पाहुणे. मास्तरीणबाईंनी मोबाइलवर जोडलेले हात पाठवले. अरे, खांबाऐवजी ते टोक धरायला एक माणूस मिळू नये? माझं तर डोकंच फिरायचं.

पण खरी गंमत पुढेच आहे. शेजारची शिंपीण आणि चार बायका तुझ्या बांधकाम खात्याच्या ऑफिसच्या दारात ठाण मांडायला निघाल्या होत्या, डबेसुद्धा भरले होते. त्यांना माघारी कुणी पाठवलं? तुझ्या बाबांनी. म्हणाले, उन्हात कशाला बसता, माझा मुलगा तिथेच इंजिनिअर आहे, तो बघतो म्हणालाय. काय ती छाती फुगली होती! बायका घरी गेल्या आणि पुन्हा कुणी विषय काढला नाही.

परवा शिंपिणीची नात घसरली. तिच्या हिसक्याने खांबाची गाठ सुटली. बाबांनी तिला वर ढकललं आणि स्वतः खाली गेले. पोरीला साधं खरचटलंही नाही, देवाची कृपा. यांना वर काढायला मात्र अख्खी गल्ली धावली. तेव्हा कुणाकडे पाहुणे नव्हते.

डॉक्टर म्हणतात, आता चालणं कठीण. आणि हे नर्सलाही सांगतात, पुलाचं माझा मुलगा बघतोय. मी बाहेर जाऊन पदर तोंडात कोंबून रडते. बाळा, मी तुझ्याकडे पूल मागत नाही, ती आशा मी सोडली. फक्त एकदा ये आणि यांच्यासमोर बसून सांग, बाबा, माझ्याच्याने होणार नाही. शिंपीण पुन्हा डबा भरायला तयार आहे, पण तिच्या नातीसाठी हाड मोडून घेतलेल्या माणसाचा शब्द ती ओलांडणार नाही. तू नाही म्हणालास की आम्ही सगळ्या निघू. तुझ्याच ऑफिसच्या पायरीवर मी पहिली बसेन, लाज वाटली तर वाटू दे. पण आता 'बघतो' म्हणू नकोस रे, तुझ्या पाया पडते.

तुझ्या एका 'नाही'ची वाट बघणारी,
तुझीच आई