धारेला बसलेला बाप

आबा, आज उचगावातल्या एका घरी चहा पिताना तुमची आठवण निघाली. तुम्हाला कधीही न बघितलेली माणसं तुमच्याविषयी इतक्या मायेनं बोलत होती, की मी कप हातात तसाच धरून बसले.

आम्ही चार-पाच बायका मिळून एक काम करतो. कुठलं पोर शाळेतून गळालं असं कळलं, की त्याच्या घरी जाऊन बसायचं आणि गाडं कशात अडलंय ते बघायचं. कुणाचं धाकटं भावंड सांभाळायला माणूस नसतो, कुणाला वेळेची एस.टी. नसते. चौथी शिकलेली मी आणि लोकांच्या पोरांना शाळेत चला म्हणते, याचं तुम्हाला हसू येईल. पुढचं सगळं मी वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवर शिकले. 'साखर सांडली तरी चालंल, हिला कागद पायजे,' असं म्हणायचात तुम्ही.

या घरातली पोरगी सातवी झालेली. पुढचं हायस्कूल सकाळचं, आणि म्हशीची धार नेमकी तेव्हाच. आई पहाटेच कारखान्यात पहिल्या पाळीला जाते. मागं ती दवाखान्यात होती तेव्हा पोरगी धार काढायला लागली, आणि म्हशीला तिच्या हाताची सवय झाली. आता दुसरं कुणी खाली बसलं की म्हैस दूध चोरते, पान्हाच सोडत नाही. बाप तालमीत घुमलेला, दारात मावणार नाही एवढा गडी. पहिल्यांदा गेले तेव्हा मी शिक्षणाचे चार शब्द बोलले, तर म्हणाला, "मावशी, मला काय सांगतायसा? म्हशीला सांगा की." मला हसू आलं. पोरगी मात्र म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत खाली बघत उभी होती.

ते उभं राहणं मला ठाऊक आहे, आबा. मी आपल्या गोठ्यात बसलेय, चरवी गुडघ्यात धरलेय, आणि पलीकडं शाळेत प्रार्थना सुरू झालीय. "हिला तुझाच हात लागतोय, मी तरी काय करू?" असं तुम्ही म्हणालात, आणि पुढच्या रविवारी जोतिबाहून माझ्यासाठी हिरवी काकणं आणलीत. एवढं मोठं जनावर माझ्यावाचून हलत नाही, म्हणून मी गल्लीभर ती काकणं वाजवत फिरले. शाळा गेली हे कळायला मला बरीच वर्षं लागली. आणि तुम्हीच चुलीपुढं बसून सांगायचात, तुमचे कोण मामा बायको माहेरी गेली की तिचं लुगडं पांघरून धारेला बसायचे. म्हैस वासाला फसायची. तुम्ही मामांची अशी नक्कल करायचात की हसता हसता आईची भाकरी करपायची.

तीच युक्ती मी त्या बापाला सांगितली. पोरीची ओढणी घे डोक्यावरून, म्हटलं, आणि बस. त्यानं दाराबाहेर गल्लीत बघितलं. मग म्हणाला, "गल्लीत त्वांड दाखवायचं हाय मला, मावशी. पोरीच्या शाळेपायी कुठल्या बापानं केलंय असलं?" चेष्टा नव्हती. तो खरंच विचारत होता.

मी म्हणाले, "माझ्या आबांनी."

पहिल्या दिवशी म्हशीनं त्याला लाथ घातली, कारण ओढणीतून तो तिला शिव्या देत होता. पोरीनं समजावलं, पप्पा, असं नाही, हळू गुणगुणायचं. शेजारचा रोज कुंपणावरून विचारायचा, "काय वैनी, आज च्या न्हाय व्हय?" शेवटी यानं मान न वळवता उत्तर दिलं, "वैनीचं काम चाललंय. भावजींनी पुढं व्हावं." तेव्हापासून शेजारी बंद झाला. आठवड्याभरानं म्हशीनं पान्हा सोडला, आणि पोरगी आता हायस्कूलला जाते. आज तिनंच मला विचारलं, "आजी, तुमचे आबा काय पांघरायचे वो?"

माझा परकर, म्हणून सांगितलं. तिच्या बापानं मान डोलावली आणि म्हणाला, "मोठा माणूस."

हा कागद कुठं धाडायचा नाही, तेव्हा सांगायला हरकत नाही. मी ते खोटं बोलले ते पोरीसाठीच, असं येताना रस्ताभर मनाला बजावत होते. पण ते पुरतं खरं नाही. बोलताना मला तुम्ही दिसलात, माझा परकर डोक्यावरून घेऊन म्हशीखाली बसलेले, आणि मी दप्तर घेऊन दारातून निघालेय. मला ते पुसायचं नाही, आबा. म्हणून खरं काय ते अजून कुणाला सांगितलेलं नाही.