रूपीचा कॅक्टस

२ डिसेंबर

वेवजीला धाकट्या बहिणीकडे जाऊन आले. रूपीचा कॅक्टस बघितला आणि घास गिळवेना! आईच्या एकाच कुंडीतले दोन गड्डे — आई गेल्यावर एक रूपीने नेला, एक मी. तिचा मोसंबीएवढा झालाय, भोवती पिल्लं. माझा अजून लिंबाएवढा. गेल्या वर्षी तिच्याकडे एक फूल आलं. एकच! तेव्हापासून सगळ्यांच्या तोंडी, "आईचा हात रूपीला लागला." आमचे हेसुद्धा!

आई शेवटची दोन वर्षं माझ्याकडे होती. तिचं हागणं-मुतणं मी काढलं. आणि हात रूपीला?

३ डिसेंबर

कालचं एक लिहायचं राहिलं. निघताना रूपीच्या सासूला, बुधीबाईला, हळूच म्हटलं — दारात काटेरी झाड असलं की घरात भांडणं होतात म्हणे. म्हातारीचे डोळे एवढाले झाले. "तरीच! पोरगा नि सून रोज कचाकचा भांडतात!"

वाईट वाटलं का? नाही वाटलं.

११ डिसेंबर

रूपीचा फोन. बुधीबाईने कुंडी उचलून गोठ्याच्या पत्र्यावर नेऊन ठेवली. पाणी घालायला शिडी लावू देत नाही. "ताई, इथे रात्री कसला गारठा पडतो गं. मरेल तो." रडत होती.

मी म्हटलं, अगं, म्हाताऱ्या माणसाचं मन मोडू नये. किती गोड बोलते मी!

२८ डिसेंबर

यंदा आमच्या बोर्डीलाही थंडी. माझा कॅक्टस स्वयंपाकघरात आणला, ओट्याच्या कोपऱ्यात. रोज कोमट पाणी. झोपताना वरून जुना स्वेटर. हे हसतात — "वाडीतल्या चिकूंना एवढं जपलं असतंस तर!" हसू देत. आई थंडीत काय करायची कुणास ठाऊक. मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

वेवजीला म्हणे शेकोटीशिवाय बसवत नाही. बरंय.

१९ जानेवारी

माझा बुडाशी मऊ लागतोय. बोट आत गेलं.

२० जानेवारी

कुजला. उचलला तर खाली मूळच नाही, नुसता लगदा. आईचं तेवढंच होतं माझ्याकडे. रूपीला सांगितलं नाही. सांगणारही नाही!

२३ फेब्रुवारी

रूपीने फोटो पाठवला. पत्र्यावरून खाली उतरवलेली कुंडी. कॅक्टसच्या डोक्यावर गुलाबी फुलांचं अख्खं कडं — आईकडे यायचं तस्सं! शेजारी बुधीबाई दात काढून उभी.

मोबाईल पालथा टाकला. तव्यावर भाकरी करपली. माझा इतका जपूनही मेला, आणि तिचा तहानलेला, थंडीत कुडकुडून फुलतो! जळते मी. लिहायला काय लाज, जळतेच.

२४ फेब्रुवारी

रूपीचा फोन. "ताई, सासू बोलली मला. काट्याचं तूच तिच्या कानात घातलंस."

मी फोन कानापासून जरा लांब धरला.

मग म्हणते, "मोबाईलवर बघितलं मी. हिवाळ्यात पाणी तोडायचं, थंडी खाऊ द्यायची, तरच कळ्या धरतात. मी ऐकलं नसतं म्हणून सासूकडून करवून घेतलंस ना? आईने तुला सांगितलं असणार. मला कधीच काही नाही सांगितलं तिने. सगळं तुलाच." आवाज भरून आला होता तिचा.

मी हो म्हटलं.